ड्राय आइस वितळत का नाही? पेटी रिकामी, पण पाण्याचा थेंब नाही

रामबागकर यांचा प्रश्न

नमस्कार. इंदूरच्या रामबागेत आमचे लहानसे गणेश मंडळ आहे. अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या ज्या झाँक्या निघतात, त्यांची भव्यता आम्हाला परवडणारी नाही. पण यंदा तरुण मंडळींनी कैलासाचा देखावा करायचे मनावर घेतले आणि शंकराच्या पायाशी ढग दिसावेत म्हणून ड्राय आइस आणला. परातीतल्या गरम पाण्यात तुकडे सोडले की पांढरे धुके काठावरून ओसंडून पायऱ्यांवरून खाली उतरत असे. देखावा लोकांना आवडला. माझा प्रश्न देखावा संपल्यानंतरचा आहे.

एका रात्री साधारण पाच किलो ड्राय आइस उरला. तो आम्ही थर्मोकोलच्या पेटीत भरला, झाकणाला चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली आणि पेटी सामानाच्या खोलीत ठेवून दार ओढून घेतले. ही खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तेवढीच उंच असेल. तिला खिडकी नाही. रात्री दोनच्या सुमारास आतून ‘फट्’ असा आवाज झाला. राखणीसाठी बाहेर ओट्यावर झोपलेला मुलगा दचकून उठला आणि दार उघडून पाहतो तो झाकण दोन हात लांब जाऊन पडलेले. त्याने ते नुसतेच पेटीवर टेकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही पेटी पाहिली तेव्हा आत काहीही नव्हते. तळाशी अंथरलेले वर्तमानपत्र हात लावला तर कोरडे, अगदी कुरकुरीत. पाच किलो साधा बर्फ असता तर पाच लिटर पाणी साचले असते. स्थायू, द्रव, वायू अशी चढण आपण शाळेत शिकलो. त्यातली मधली पायरी हा पदार्थ कशी काय गाळतो?

दुसरे असे की, देखाव्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेले निरांजन धुके उतरताच विझले. पुन्हा लावले, पुन्हा विझले. वर गणपतीजवळची समई मात्र संथ तेवत होती. आमच्या एका काकूंनी याचा अपशकुनाशी संबंध जोडला, तो मी सोडून देतो. पण कारण जाणून घ्यायला आवडेल.

जाता जाता एक भाषेची शंका. माझे शिक्षण मामांकडे पुण्यास मराठीतून झाले, नातू येथे हिंदी माध्यमात शिकतो. त्याच्या पुस्तकात या क्रियेला ‘ऊर्ध्वपातन’ म्हटले आहे. मला तर ऊर्ध्वपातन म्हणजे पाणी उकळून वाफ थंड करून शुद्ध पाणी मिळवणे, असे शिकवल्याचे स्पष्ट आठवते. आजोबांची स्मरणशक्ती गेली, असे नातवाचे मत झाले आहे.

भँवरकुआँ यांचे उत्तर

काका, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थोडे सांगतो. पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असतात, ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचा रेणू सरळ रेषेत असतो, मध्ये कार्बन आणि दोन टोकांना ऑक्सिजन, आणि अशा रेणूंमधले आकर्षण क्षीण असते. त्यामुळे द्रव होण्याइतकेही ते एकत्र राहत नाहीत आणि थेट वायू होतात. तुम्हाला दिसलेले पांढरे धुके म्हणजे तोच कार्बन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा जड असल्याने पायऱ्यांवरून खाली उतरला आणि त्याने निरांजन विझवले.

जुनी प्रयोगशाळा यांचे उत्तर

मी इंदुरातच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. भँवरकुआँ यांनी रेणूची रचना बरोबर सांगितली आहे, पण त्यांच्या उत्तरातल्या दोन गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि ते हे मनाला लावून घेणार नाहीत अशी आशा आहे. परीक्षेत हेच उत्तर लिहिणारे विद्यार्थी मी तीस वर्षे पाहिले आहेत.

आकर्षण क्षीण आहे म्हणून द्रव होत नाही, हे कारण पुरत नाही. नायट्रोजनच्या रेणूंमधले आकर्षण त्याहूनही क्षीण असते, तरीही गोठवलेला नायट्रोजन आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाखाली उणे २१० अंश सेल्सिअसला रीतसर वितळतो आणि उणे १९६ अंशांना उकळतो. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे.

कोणत्याही स्थायूच्या पृष्ठभागावरून काही रेणू सतत सुटत असतात. बंद भांड्यात हे सुटलेले रेणू जो दाब निर्माण करतात त्याला त्या तापमानाचा बाष्पदाब म्हणतात, आणि तापमान चढते तसा तोही चढतो. आता एखादा स्थायू हळूहळू तापतो आहे आणि भोवतालची हवा त्याला एक वातावरण इतक्या दाबाने रेटते आहे, असे डोळ्यांसमोर आणा. प्रश्न एवढाच उरतो की आधी काय घडते: त्याचा वितळणबिंदू येतो, की त्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाची बरोबरी करतो? साधा बर्फ ० अंशाला वितळतो आणि त्या क्षणी त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या हजारात जेमतेम सहा भाग असतो. म्हणजे वितळण्याची पाळी फार आधी येते. कार्बन डायऑक्साइडचे उलट आहे. त्याला वितळण्यासाठी उणे ५६.६ अंशांपर्यंत चढावे लागते, पण त्याचा बाष्पदाब उणे ७८.५ अंशांनाच एका वातावरणाला पोहोचतो. वितळणबिंदू अजून बावीस अंश दूर असतानाच रेणू हवेला बाजूला सारून मोकळे होऊ लागतात, आणि यापुढे तुम्ही जी उष्णता द्याल ती सगळी रेणू सोडवण्यात खर्च होते, तापमान वर चढतच नाही. उकळते पाणी चुलीवर कितीही वेळ ठेवले तरी शंभर अंशांवर अडून राहते, तसेच हे.

म्हणून ड्राय आइस वितळत नाही ही त्या पदार्थाची खोड नव्हे, आपल्या हवेचा दाब तोकडा पडतो इतकेच. कार्बन डायऑक्साइडच्या स्थायू, द्रव आणि वायू या तिन्ही अवस्था एकत्र नांदू शकतात असा त्रिबिंदू ५.१ वातावरण दाब आणि उणे ५६.६ अंश येथे आहे. यापेक्षा जास्त दाब दिला की तो बर्फासारखाच वितळतो आणि स्वच्छ, पाण्यासारखा पातळ द्रव दिसतो. जाड भिंतीच्या पारदर्शक नळीत, काचेच्या पडद्याआडून, मी हे विद्यार्थ्यांना दाखवीत असे: पांढरी भुकटी पाहता पाहता ओली होते, द्रव हलताना दिसतो, आणि दाब सोडला की क्षणात पुन्हा हिम होतो. घरी हे कोणीही करू नये, नळी फुटते.

द्रव कार्बन डायऑक्साइड तुम्ही सगळ्यांनी पाहिला नसला तरी त्याच्या शेजारून रोज जाता. कार्यालयात विजेच्या पॅनेलजवळ शिंगासारखे काळे तोंड असलेला जो लाल अग्निशामक टांगलेला असतो, त्यात तो २० अंशांना सुमारे ५७ वातावरण दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. मौजेची गोष्ट अशी की, कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे, त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. म्हणजे आपल्या इंदूरच्या मे महिन्यात त्या लाल सिलिंडरात द्रवही नसतो आणि वायूही नसतो. फॅरडेने हा वायू १८२३ साली दाबाखाली द्रवरूप केला होता, आणि १८३५ साली तिलोरिए या फ्रेंच संशोधकाने अशाच द्रवाने भरलेल्या पात्राची तोटी उघडली तेव्हा द्रवाचा काही भाग झपाट्याने वायू झाला, त्याने उरलेल्या भागाची उष्णता ओढून घेतली आणि तो उरलेला भाग पांढरा हिम होऊन बाहेर पडला. कारखान्यात आजही तत्त्व तेच आहे. तो हिम यंत्राने दाबून त्याच्या लाद्या किंवा कांड्या करतात.

एक बारकावा आपल्या गावापुरता. उणे ७८.५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब जरा कमी, त्यामुळे हिशेब केला तर तो येथे उणे ७९.३ च्या जवळपास येतो. मंडळाच्या देखाव्याला याने काही फरक पडत नाही, पण मला असे हिशेब करायला आवडतात.

कापराची वडी मिरे घालून ठेवली तरी डबीत झिजते, आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पावसाळाभरात वाटाण्याएवढ्या होतात, त्यांचे काय, असे कोणी विचारील. तेही संप्लवनच, म्हणजे स्थायूचे थेट वायू होणे, पण वेगळ्या जातीचे. तेथे बाष्पदाब हवेच्या दाबाला पोहोचलेला नसतो. थोडे थोडे रेणू सुटतात आणि वाऱ्याबरोबर निघून जातात, ओले कपडे ज्या रीतीने वाळतात त्या रीतीने. डांबराची गोळी तापवली तर ८० अंशांना ती सरळ वितळते. ड्राय आइस उघड्यावर कितीही तापवा, तो अधिक वेगाने उडेल, पण वितळणार नाही.

आता धुके. कार्बन डायऑक्साइड रंगहीन आहे, तो दिसत नाही. दिसते ते पाणी. परातीत तुकडा सोडला की त्याच्याभोवती वायूचे बुडबुडे उठतात, गरम पाण्याची वाफ त्या बुडबुड्यांत शिरते आणि आतल्या कडाक्याच्या थंडीने तिचे बारीक थेंब होतात. बुडबुडा वर येऊन फुटला की ते थेंब थंड, जड वायूबरोबर बाहेर वाहतात. पाणी थंड झाले की वाफ कमी, म्हणून धुकेही कमी, आणि तुकड्यांवर साध्या बर्फाचे कवच चढल्याने उष्णता आत पोहोचणेही मंदावते. आपल्या तरुण मंडळींना दर थोड्या वेळाने पाणी बदलावे लागले असेल.

निरांजनाबाबत भँवरकुआँ यांचे म्हणणे खरे आहे. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे, त्यातून थंड, म्हणून तो पाण्यासारखा पायऱ्या उतरून जमिनीलगत साचतो आणि ज्योतीपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचू देत नाही. मात्र यातून एक उलटा समज करून घेऊ नये. ज्योत विझते त्याच्या पुष्कळ आधी माणसाला त्रास सुरू होतो. हवेत ४ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की धाप लागते, डोके दुखते. १० टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. ज्या पायरीवर निरांजन विझले, तिच्यासमोर सतरंजीवर लहान मुले बसलेली होती का, हे मी विचारणार होते.

भाषेच्या बाबतीत आजोबा आणि नातू दोघेही निर्दोष आहेत. मराठी पाठ्यपुस्तकांत स्थायूचा थेट वायू होण्याला संप्लवन म्हणतात आणि ऊर्ध्वपातन म्हणजे आपण सांगितलेली पाणी शुद्ध करण्याची क्रिया. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे संप्लवन, आणि पाणी शुद्ध करण्याला आसवन. माझ्या वर्गात मराठी घरातली मुले या शब्दावर दरवर्षी अडखळत असत, कारण घरी आईने एक सांगितलेले असे आणि फळ्यावर मी दुसरे लिहीत असे.

शीतपेटी यांचे उत्तर

मॅडमनी शास्त्र सांगितले, मी रोजच्या कामातले सांगतो. औषधे आणि गोठवलेला माल ड्राय आइसमध्ये बांधून पाठवणे हा माझा व्यवसाय आहे.

रामबागकर काका, आपली पेटी फुटली नाही, झाकणावर निभावले, हे बरे झाले. हिशेब पाहा. पाच किलो ड्राय आइस घन रूपात सव्वातीन लिटरांच्या आत मावतो, आणि त्याचा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जवळजवळ तीन हजार लिटर, म्हणजे तीन घनमीटर वायू होतो. थर्मोकोलला थोडी फट असते म्हणून चिकटपट्टी सुटण्यावर भागले. हेच कोणी आटे बसणाऱ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत भरले असते, तर तो फटाका नव्हे, बॉम्ब झाला असता. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतो की पेटी बंद करायची असते, कोंडायची नसते. विमानाने माल पाठवताना पेटीवर यूएन १८४५ हा क्रमांक घालावा लागतो आणि वायूला वाट ठेवलेली असावी लागते, ती याचसाठी.

त्यापेक्षा मला आपल्या खोलीची काळजी वाटली. आपण दिलेल्या मापाने ती ३६ घनमीटर होते. तीन घनमीटर वायू तिच्यात कोंडला गेला तर सरासरी आठ टक्के होतात, आणि जमिनीलगत त्याहून जास्त. दाराखालून बराच निघून गेला असेल हे खरे, सगळा माल एका रात्रीत उडाला नसेल हेही खरे, पण तो मुलगा ओट्याऐवजी आत, पेटीशेजारी अंथरूण घालून झोपला असता तर, हा विचार करून पाहा. गाडीतून आणतानाही काचा उघड्या ठेवाव्यात. एसी लावून काचा बंद केल्या की तीच खोली चाकांवर येते.

उडण्याचा वेग विचाराल तर साध्या थर्मोकोलच्या पेटीत दिवसाला दोन ते साडेचार किलो जातो असे धरून आम्ही माल भरतो. लादी सावकाश जाते, कांड्या लवकर, कारण कांड्यांचा पृष्ठभाग जास्त. पेटीत मोकळी जागा राहिली तर तेथे कागद कोंबावा. आणि एक किलो ड्राय आइस वायू होताना सुमारे ५७१ किलोज्यूल उष्णता ओढतो, साधा बर्फ वितळताना ३३४. शिवाय चिखल नाही, ओल नाही, माल भिजत नाही. म्हणून तर महाग असूनही लोक तो घेतात.

हातमोजे जाड सुती किंवा चामड्याचे घाला. उघड्या बोटाने धरला तर भाजल्यासारखा फोड येतो, माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे. मुलांना गंमत दाखवायचीच असेल तर स्टीलचा चमचा लादीवर टेकवून दाबा. तो किंचाळतो. पहिल्यांदा ऐकणारा मागे सरतो इतका कर्कश आवाज येतो. चमचा गरम, तो टेकला की खाली वायू सुटतो आणि चमच्याला ढकलतो, चमचा परत टेकतो, पुन्हा ढकलला जातो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होते. चमचा थंड पडला की आवाज बंद.

भँवरकुआँ यांचे उत्तर

मॅडम, धुक्याबद्दलची चूक मान्य. एक शंका आहे. त्रिबिंदूचा दाब एका वातावरणाहून जास्त असणे ही अट असेल, तर असे पदार्थ आणखीही असायला हवेत. नेहमीच्या वायूंपैकी कोणता?

जुनी प्रयोगशाळा यांचे उत्तर

वेल्डिंगवाल्यांचा ॲसिटिलीन. त्याचा त्रिबिंदू १.२७ वातावरणावर आहे, म्हणून गोठवलेला ॲसिटिलीन साध्या दाबाखाली उणे ८४ अंशांच्या आसपास थेट वायू होतो. आर्गॉन थोडक्यात हुकतो, त्याचा ०.६८ वर आहे. आपला प्रश्न चांगला आहे.

रामबागकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मुले सतरंजीवर बसलेली होती, पण तो मांडव तिन्ही बाजूंनी उघडा होता आणि धुके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवत नव्हतो. पुढच्या वर्षी परात पुढे न ठेवता मागे ठेवू आणि मुलांना खुर्च्या देऊ. सामानाच्या खोलीत ड्राय आइस ठेवायचा नाही, असे मंडळाच्या वहीत लिहून घेतले आहे.

काल नातवाला पटवण्यासाठी एक प्रयोग केला. पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि वरची स्वच्छ निवळी काचेच्या पेल्यात काढली. एका वाटीभर ड्राय आइसचे तुकडे उघड्या तोंडाच्या बरणीत ठेवून, वरचा न दिसणारा वायू पेल्यावर नुसता ओतला, पाणी ओततात तसा, आणि पेला ढवळला. निवळी दुधासारखी झाली. नातू खूश झाला आणि त्याने चिमट्याने एक तुकडा सरळ पेल्यातच सोडला. धुके उसळले, बुडबुडे आले, आणि काही वेळाने पाहतो तर पांढरेपणा जाऊन पाणी पुन्हा स्वच्छ! आता तो म्हणतो की पहिला प्रयोग चुकला होता. याचे उत्तर मजजवळ नाही.

जुनी प्रयोगशाळा यांचे उत्तर

दोन्ही प्रयोग बरोबर आहेत. थोडा वायू मिळाला तेव्हा निवळीतून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार झाले, ते आपल्याला दुधासारखे दिसले. नातवाने भरपूर वायू दिला तेव्हा त्याच कार्बोनेटचे पाण्यात विरघळणारे बायकार्बोनेट झाले. तो पेला फेकला नसेल तर त्याला एका पातेलीत उकळायला सांगा, पांढरेपणा परत येईल.